डिझाइनच्या पेन ड्राइव्हमधून ऑफिसात शिरलेला किडा : आमचा अनुभव, आणि थोडी मदत हवी आहे

पूर्वभाग | सोमवार, रात्री ९:४५

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे आमच्या घरात नीट जेवण झालेलं नाही. त्याचं कारण इथं सविस्तर लिहितोय, कारण माझी खात्री आहे की हा प्रकार फक्त आमच्याकडं झालेला नाही.

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सोलापूरच्या पूर्व भागात. वडिलांनी सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. चार वर्षांपूर्वी दोन मागांवर इलेक्ट्रॉनिक जकार्ड (नक्षी विणून घेणारं यंत्र) बसवलं. पूर्वी डिझाइन म्हटलं की पंचिंग केलेल्या कार्डांच्या माळा असायच्या, आता डिझाइन मास्तर पेन ड्राइव्हवर फाइल आणून देतात. ती फाइल आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघायची, पार्टीला फोटो पाठवायचा, पसंत पडली की तोच पेन ड्राइव्ह मागाला लावायचा. ऑफिसचा कॉम्प्युटर एकच. विंडोज ७. टॅली त्यावर, जीएसटी त्यावर, ईमेल त्यावर, बँक पण त्यावरच.

दोन महिन्यांपूर्वी पेन ड्राइव्ह उघडला तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले. आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडायचा, फाइली जागेवर असायच्या. म्हणून लक्ष दिलं नाही. मास्तर म्हणाले, "सगळीकडं तसंच होतंय हो मालक, काम चालतंय ना?" काम चालत होतं.

नंतर एके दिवशी ईमेलवर सूचना आली की अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झालंय. मी लगेच पासवर्ड बदलला. त्याच कॉम्प्युटरवर बसून बदलला. हे वाक्य आता लिहितानाही हात थरथरतोय.

बारा दिवसांनी आमच्या एका जुन्या व्यापाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे भरल्याची पावती पाठवली. २ लाख ३६ हजार. आमच्या खात्यात रुपयाही नाही. बघतो तर खाते क्रमांक वेगळाच. ते म्हणाले, "तुमच्याच मेलवरून पत्र आलं की खातं बदललंय, बिलावर तुमचाच शिक्का आहे." आणि खरंच, मेल आमच्याच पत्त्यावरून गेला होता. बिल आमचंच, नंबर तोच, माल तोच. फक्त बँकेच्या दोन ओळी बदललेल्या.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. त्या दुसऱ्या खात्यात शिल्लक राहिलेले ७८ हजार थोपवले गेले आहेत, बाकीचे आधीच निघून गेले होते. व्यापाऱ्याशी वीस वर्षांचे संबंध, त्यामुळं भांडण नाही झालं. पण वडील त्या दिवसापासून ऑफिसच्या खुर्चीत बसायला तयार नाहीत.

कॉम्प्युटर बघायला आलेल्या मुलानं "कीलॉगर असलेला वर्म आहे" असं सांगितलं. तो नक्की काय करतो, कसा पसरतो, आणि आमच्या मेलमध्ये तो अजून आहे का, हे कुणी मला समजेल असं सांगेल का?

---

निवृत्तमास्तर | सोमवार, रात्री १०:१०

वाचून फार वाईट वाटलं. वडिलांना सांगा, यात त्यांची चूक नाही.

माझी एक शंका. व्हायरस, वर्म, कीलॉगर हे सगळं एकच का? वर्तमानपत्रात तिन्ही शब्द कसेही वापरतात. आम्ही शाळेत मुलांना "संगणक विषाणू" एवढंच शिकवलं.

---

हुतात्माएक्सप्रेस | सोमवार, रात्री ११:३०

मी मूळचा सोलापूरचा, पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करतो. जरा लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

मास्तर, तुमच्या प्रश्नापासून. व्हायरस दुसऱ्या एखाद्या फाइलला चिकटतो आणि ती फाइल चालली की चालतो. वर्म, म्हणजे किडा, स्वतःच पूर्ण असतो. त्याला अंगावर बसायला दुसरी फाइल लागत नाही. तो स्वतःची प्रत काढून पुढच्या यंत्रावर जातो. २ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकेत मॉरिस वर्म सुटला, तो कुणीही काही न उघडता जाळ्यातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला होता. तर किडा ही पसरण्याची रीत झाली. कीलॉगर हे आत शिरल्यावर करायचं काम. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही असतात तेव्हा तो स्वतः फिरतो आणि जिथं जाईल तिथं दाबलेली बटणं टिपत बसतो.

आता पूर्वभाग, तुमच्या पेन ड्राइव्हचं. पूर्वी पेन ड्राइव्ह लावला की त्यावरचा प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा. २००८ च्या नोव्हेंबरात आलेल्या कॉन्फिकर नावाच्या किड्यानं या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हसाठी ती सोय काढली, आणि जुन्या विंडोजसाठी २०११ च्या फेब्रुवारीत तसा अपडेट दिला. मग किडे लिहिणाऱ्यांनी युक्ती बदलली. पेन ड्राइव्हवरचे तुमचे खरे फोल्डर ते लपवतात आणि त्याच नावाचा, फोल्डरचाच आयकॉन असलेला शॉर्टकट तिथं ठेवतात. तुम्ही त्यावर क्लिक केलं की आधी किड्याची स्क्रिप्ट चालते आणि लगेच खरा फोल्डर उघडला जातो. म्हणून तुम्हाला "काम चालतंय" असं वाटत राहिलं. त्या क्लिकमध्ये त्यानं स्वतःची प्रत कॉम्प्युटरच्या एखाद्या आडबाजूच्या फोल्डरात ठेवली, विंडोज सुरू होताना आपण पण सुरू व्हावं अशी नोंद करून घेतली, आणि पुढच्या पेन ड्राइव्हची वाट बघत बसला. जो पेन ड्राइव्ह लागेल त्यावर तो पुन्हा तेच करतो. तुमच्या डिझाइन मास्तरांचा पेन ड्राइव्ह दिवसात पाच कारखाने फिरत असेल तर किडाही पाच कारखाने फिरला.

बटणं कशी टिपतो, ते सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण इंग्रजी कीबोर्डवर मराठी टाइप करता. के दाबलं की पडद्यावर क उमटतो. हे जमतं कारण ते मराठीचं सॉफ्टवेअर कीबोर्ड आणि तुम्ही उघडलेला प्रोग्रॅम यांच्या मधे बसलेलं असतं. दाबलेलं बटण त्याला आधी कळतं. विंडोजनं ही जागा चांगल्या कामासाठीच ठेवली आहे. कीलॉगर तिथंच येऊन बसतो, फक्त काही बदलत नाही, नुसतं लिहून घेतो. त्यासाठी त्याला अ‍ॅडमिनची परवानगीही लागत नाही, साध्या प्रोग्रॅमला एवढं करता येतं.

यातून दोन गोष्टी निघतात. बँकेच्या साइटवर कुलूप दिसतं, ते कुलूप कॉम्प्युटरपासून बँकेपर्यंतच्या वाटेवर आहे. कीलॉगर त्या वाटेच्या अलीकडं, तुमच्या बोटाशी बसलाय. आणि तो नुसती बटणं टिपत नाही, त्या क्षणी कोणती खिडकी समोर उघडी आहे तिचं नाव पण टिपतो. म्हणून ते टिपण वाचणाऱ्या चोराला शोधावं लागत नाही : "इनबॉक्स – साइन इन", खाली पत्ता, खाली पासवर्ड. दिवसभरात दहा हजार वेळा बटणं दाबली तरी तो मजकूर दहा केबीच्या आसपास भरतो, मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षा कितीतरी कमी. तेवढं बाहेर पाठवलं तर नेट स्लो झालेलं पण कळत नाही.

त्याच कॉम्प्युटरवर पासवर्ड बदललात तेव्हा त्यानं नवा पासवर्डही लिहून घेतला. हात थरथरू देऊ नका, हे दहातले नऊ जण करतात, कारण घाबरलेला माणूस समोर असलेल्या यंत्रावरच धाव घेतो.

मेलमध्ये तो अजून आहे का, यासाठी आत्ता, मोबाइलवरून (कॉम्प्युटरवरून नाही) एक गोष्ट बघा. मेलच्या सेटिंगमध्ये "फिल्टर" आणि "फॉरवर्डिंग" उघडा. तिथं तुम्ही न केलेला नियम आहे का, ते कळवा.

---

पूर्वभाग | सोमवार, रात्री ११:५२

आहे. त्या व्यापाऱ्याच्या पत्त्यावरून येणारा प्रत्येक मेल थेट ट्रॅशमध्ये टाकायचा, असा नियम आहे. आणि "इन्व्हॉइस" शब्द असलेले मेल कुठल्यातरी दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड होताहेत.

म्हणजे त्यांनी "खातं खरंच बदललं का?" असं विचारलं असेल, ते मला दिसलंच नाही.

---

हुतात्माएक्सप्रेस | मंगळवार, रात्री १२:०५

दोन्ही नियमांचे फोटो काढून ठेवा, पोलिसांना लागतील. ट्रॅश उघडून तिथले मेलही जपा. मग नियम काढा, मोबाइलवरून पासवर्ड बदला, "सर्व ठिकाणांहून लॉगआउट" करा, टू-स्टेप (पासवर्डनंतर मोबाइलवर दुसरी खात्री) चालू करा, आणि पासवर्ड विसरल्यावर जो मोबाइल नंबर वापरायचा तो तुमचाच आहे ना ते बघा. नुसता पासवर्ड बदलून हे नियम जात नाहीत. पासवर्ड बदलूनही फॉरवर्ड होणारे मेल पुढं जातच राहतात.

कॉम्प्युटरची नेटची वायर काढा आणि झोपा आता.

---

कंबरतलाव | मंगळवार, सकाळी ८:२०

हा धागा वाचून जुने दिवस आठवले. मी २००१ ते २००४ सायबर कॅफेत कामाला होतो, तासाला पैसे घेण्याचा जमाना. तेव्हा आमच्याकडं पेन ड्राइव्ह नव्हते, फ्लॉपी होती आणि मेल होता. किडे मेलमधूनच यायचे.

२००१ च्या नोव्हेंबरात बॅडट्रान्सचा दुसरा अवतार आला. त्याची गंमत नाही, भीती वाटायची, कारण अ‍ॅटॅचमेंट उघडावीच लागायची नाही. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एक भोक होतं, त्यामुळं आउटलुकमध्ये मेल नुसता समोर दिसला तरी तो चालू व्हायचा. मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती, पण आमच्या मशिनींवर ती कोण टाकणार? मॉडेमवर काही एमबी उतरवायचे म्हणजे अर्धा दिवस गिऱ्हाईक बसवता यायचं नाही. फाइलीच्या नावाला दोन शेपट्या असायच्या, आधी डॉक, मग पीआयएफ (म्हणजे चालणारा प्रोग्रॅम). विंडोज शेवटची शेपटी लपवतं म्हणून ती वर्डची फाइल वाटायची.

त्याचं वागणं मी नंतर वाचून समजून घेतलं. तो सारखा टिपत नव्हता. समोरच्या खिडकीच्या नावात लॉगऑन, पासवर्ड, रिमोट, टर्मिनल अशा शब्दांची पहिली तीन इंग्रजी अक्षरं दिसली की मिनिटभर टिपायचा. मग ते गुप्त करून मेलनं किडा सोडणाऱ्याकडं पाठवायचा. पुढं पसरताना तुमच्या न वाचलेल्या मेलना उत्तर म्हणून स्वतःला पाठवायचा, त्यामुळं समोरच्याला वाटायचं आपल्याच पत्राचं उत्तर आलं. आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यापुढं एक खालची रेघ जोडायचा, म्हणजे समोरच्यानं "अरे हे काय पाठवलंस?" म्हणून उत्तर दिलं तर ते पोचणारच नाही. पूर्वभाग, तुमच्या मेलमधला ट्रॅशचा नियम वाचला तेव्हा मला ती रेघ आठवली. वीस-पंचवीस वर्षं झाली, तरी खरी चलाखी तिथंच आहे : ज्याला संशय आला त्याचा आवाज तुमच्यापर्यंत येऊ द्यायचा नाही.

सप्टेंबर २००२ ला बगबेअर आला. तोही बटणं टिपायचा, शिवाय अँटीव्हायरस बंद पाडायचा आणि बाहेरच्याला आत यायला दार उघडून ठेवायचा. तो नेटवर्कवर जे जे शेअर केलेलं दिसेल तिथं स्वतःची प्रत टाकायचा. त्याला फोल्डर आणि प्रिंटर यातला फरक कळायचा नाही. त्यामुळं शेअर केलेला प्रिंटर कागदामागून कागद कचरा अक्षरं छापत सुटायचा. आमच्याकडं एकदा सकाळी शटर उघडलं तर रिमच्या रिम जमिनीवर. मालकांनी प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीला दिला. पुढच्या जूनमध्ये त्याचा दुसरा अवतार आला, त्याच्या पोटात तर जगभरच्या हजाराहून जास्त बँकांच्या पत्त्यांची यादी होती. यंत्र बँकेचं आहे का ते तो आधी बघायचा.

त्या मशिनींवर बसून कितीतरी पोरांनी नोकरीचे अर्ज भरले, आखाती देशांतल्या भावांना मेल लिहिले. त्यांचे पासवर्ड कुठं गेले असतील, हा विचार अजून मनातून जात नाही.

---

जुळेसोलापूर | मंगळवार, सकाळी ९:०५

मी बँकेच्या साइटवरचा पडद्यावरचा कीबोर्ड माऊसनं वापरतो. बटण दाबलंच नाही तर टिपणार काय? मग मी सुरक्षित ना? आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह केला तर टाइपच करावा लागत नाही.

---

हुतात्माएक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ९:४०

साध्या कीलॉगरपासून थोडं वाचता. पण पुढच्या पिढीतले माऊसच्या प्रत्येक क्लिकला पडद्याचा फोटो काढतात. काही तर बटणं सोडून देतात आणि तुम्ही फॉर्म भरून "सबमिट" करता तेव्हा ब्राउझरमधूनच तो उचलतात. २००७ च्या सुमारास आलेला झ्यूस नावाचा प्रोग्रॅम याच कामासाठी कुप्रसिद्ध झाला. सेव्ह केलेल्या पासवर्डचं तर आणखी अवघड आहे. चोराचा प्रोग्रॅम तुमच्या विंडोजच्या खात्यातून चालत असला की ब्राउझरनं साठवलेली सगळी यादी एका दमात घेऊन जातो, टिपत बसायची गरजच नाही.

कंबरतलाव दादा, प्रिंटरचा किस्सा मी आतापर्यंत फक्त वाचला होता, प्रत्यक्ष बघणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

---

चाटीगल्ली | मंगळवार, दुपारी २:१५

मी सीएच्या ऑफिसात काम करते. पूर्वभाग दादा, तुमचं वाचून पोटात खड्डा पडला, कारण असे शॉर्टकटवाले पेन ड्राइव्ह आमच्याकडं रिटर्नच्या दिवसांत रोज येतात. टॅलीचा डेटा, बँकेचे उतारे, पॅन-आधारच्या स्कॅन. एका व्यापाऱ्याचा पेन ड्राइव्ह आमच्या मशिनला लागतो, मग दुसऱ्याचा. म्हणजे चाटी गल्लीतला किडा एमआयडीसीत पोचवायचं काम आम्ही करत होतो की काय, हा विचार पहिल्यांदा मनात आला.

मागच्या वर्षी आम्ही एक जुना लॅपटॉप वेगळा काढला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकली, नेट नाही. आलेला पेन ड्राइव्ह आधी त्याला लावायचा. विंडोजचा शॉर्टकट तिथं चालतच नाही, आणि लपवलेले खरे फोल्डर सरळ दिसतात. त्यातून फक्त टॅलीचा फोल्डर, एक्सेल, पीडीएफ एवढंच उचलायचं. एक्सेलमधला मॅक्रो (फाइलीतच बसवलेला छोटा प्रोग्रॅम) चालू करा म्हणून विचारलं तर कधीही हो म्हणायचं नाही, हे सगळ्या आर्टिकल, म्हणजे सीएचं काम शिकायला आलेल्या मुला-मुलींना पहिल्या दिवशी सांगते.

"पेन ड्राइव्हच बंद करा" असं सांगणारे बरेच भेटतील. पण मागाला इंटरनेट नसतं, आणि असूही नये. डिझाइन न्यायला काहीतरी लागणारच.

---

शेंगाचटणी | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

बँकेत २२ वर्षं झाली. पैशांच्या बाजूचं थोडं स्पष्ट करते, कारण यात लोकांचा घोळ होतो.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं, त्यातला नियम असा. तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानंच तुमच्या खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर नुकसानीचा भार येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित भार. पण पूर्वभाग, तुमच्या बाबतीत व्यापाऱ्यांनी स्वतः, स्वतःच्या हातानं पैसे पाठवले. ते फसून पाठवले हे खरं, पण व्यवहार त्यांच्या परवानगीनं झाला. त्यामुळं त्या परिपत्रकाच्या भरवशावर राहू नका, पोलिसांकडं पाठपुरावा सोडू नका. व्यापाऱ्यांनीही त्यांच्या बँकेत लेखी तक्रार द्यायला हवी, पैसे त्यांच्या खात्यातून गेले आहेत.

दुसरं. नाव तुमच्या फर्मचं आणि खाते क्रमांक चोराचा, तरी पैसे गेले कसे? एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळवून नाही. आता रिझर्व्ह बँकेनं बँकांना १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्याचं नाव दाखवायची सोय द्यायला सांगितलं आहे. तुमच्या सगळ्या पार्ट्यांना सांगा, नवं खातं जोडताना ते नाव वाचा. आणि खातं बदलल्याचं पत्र आलं की जुन्या, आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करा. पत्रात दिलेल्या नंबरवर नाही.

---

निवृत्तमास्तर | मंगळवार, रात्री ८:१०

सर्वांचे आभार. आज पहिल्यांदा समजलं की कुलूप वाटेवर आहे आणि चोर बोटाशी.

मी दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात जातो, आणि तिथंच बसून पेन्शनचं खातं उघडून बघत आलो आहे. ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो म्हणून निर्धास्त होतो. बरोबर आहे का?

---

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ८:२५

सर, ओटीपीमुळं पैसे काढणं अवघड होतं हे नक्की. पण खात्यात किती आहेत, मोबाइल नंबर कोणता, पेन्शन कधी येते हे चोराला कळलं, तर पुढचा फोन तो "बँकेतून बोलतोय" म्हणून करतो आणि सगळे तपशील बरोबर सांगतो. मग माणूस ओटीपी स्वतःच वाचून दाखवतो. दुकानात दाखल्याचं काम करा, खातं मात्र घरी स्वतःच्या मोबाइलवर उघडा. पासवर्ड आजच बदला. मी होटगी रोडला राहते, जवळ असाल तर घरी येऊन करून देते.

---

पूर्वभाग | शनिवार, रात्री १०:३०

मंडळी, चार दिवसांत जे झालं ते सांगतो.

कॉम्प्युटर पूर्ण पुसला. आधी चाटीगल्ली ताईंच्या सांगण्याप्रमाणं लिनक्सच्या लॅपटॉपवरून टॅलीचा डेटा आणि डिझाइन फाइली काढून घेतल्या. विंडोज ७ परत टाकलं नाही, कारण त्याला २०२० च्या जानेवारीपासून दुरुस्त्याच मिळत नाहीत हे मला आत्ता कळलं. बँक आणि मेलसाठी वेगळा लॅपटॉप घेतला, त्याला पेन ड्राइव्ह लागणार नाही असं भावानं कागदावर लिहून चिकटवलंय. व्यापाऱ्यांनी त्यांच्या बँकेत तक्रार दिली. ट्रॅशमध्ये त्यांचे तीन मेल सापडले, तिसऱ्यात त्यांनी लिहिलं होतं, "फोन उचलत नाही, म्हणून मेल करतोय, खातं नक्की बदललं ना?" फोन त्या दिवशी गड्डा यात्रेच्या गर्दीत वाजलेला कळला नव्हता. उत्तर चोरानं दिलं, आमच्या नावानं.

मग डिझाइन मास्तरांकडं गेलो. मनात राग होता, खोटं बोलत नाही. त्यांच्या खोलीत जुना कॉम्प्युटर, त्याला तोच किडा. पासष्ट वर्षांचा माणूस, कार्ड पंचिंगपासून कामाला लागलेला, साठाव्या वर्षी कॉम्प्युटरवर डिझाइन शिकलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्यामुळं आणखी कुणाचं गेलं असंल का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनी वही काढली. ज्या ज्या कारखान्यांना गेल्या तीन महिन्यांत डिझाइन दिलं त्यांची नावं लिहून दिली, अकरा निघाली. आम्ही दोघं मोटरसायकलवर फिरतोय. सात झाले. तीन ठिकाणी तोच बाण असलेले शॉर्टकट सापडले, एका ठिकाणी मालक आमच्या समोर मोबाइल काढून मेलचे नियम बघायला लागले आणि तिथं एक अनोळखी पत्ता निघाला. त्यांचं अजून काही गेलेलं नव्हतं.

अक्कलकोट रोडचे चार उरलेत. सोमवारी सकाळी नऊला मास्तर अशोक चौकात थांबणार आहेत.